ताई, तो जावई कुठून आणलात?

ताई, नागपूरचे पाहुणे आज सकाळच्या गाडीनं गेले. तेराव्याची भांडी घासून उलटी घातली आहेत, अंगणातला मंडप निघाला, आणि दुपारच्या या वेळी घरात आम्ही दोघीच आहोत. माझी मुग्धा वर तुमच्या खोलीत झोपली आहे. मी खाली ओट्याजवळच्या स्टुलावर बसून तुमच्याशी भांडते आहे. फोटोला हार घातला म्हणजे भांडण मिटलं असं मला वाटत नाही. होतात तेव्हा तुम्ही दर वेळी अर्ध्यातून उठून वर निघून जायचात. आता बसा.

गेले काही दिवस जो येईल तो तुमच्याबद्दल चांगलं बोलत होता. मंत्रालयाच्या बसनं तुमच्यासोबत ये-जा करणाऱ्या बाया आल्या होत्या, त्यांनी तर रडून घेतलं. मी ऐकत होते. त्यांच्या कमलदीदी वेगळ्या आणि माझ्या स्वयंपाकघरात वीसेक वर्षं वावरलेल्या नणंदबाई वेगळ्या. मी लग्न होऊन वर्ध्याहून रायपूरच्या या तात्यापारा मोहल्ल्यात आले तेव्हा तुम्ही भोपाळला नोकरीत होतात, दिवाळीला यायचात, चार दिवस राहून जायचात, आणि आपलं बरं चाललं होतं. मग छत्तीसगड राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, तुम्ही बदली मागून घेतलीत आणि दोन ट्रंका घेऊन वरच्या खोलीत राहायला आलात. तेव्हापासून मला तुमचा संशय. कशाचा, ते मला धड सांगता आलं नसतं. तुम्ही हळू बोलायचात. मुग्धा शाळेतून आली की दप्तर तुमच्या खोलीत टाकायची, आणि मी चहा घेऊन वर आले की तुम्हा दोघींचं बोलणं थांबायचं. "काही नाही वं, असंच," तुम्ही म्हणायचात. असंच म्हणणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास बसला नाही.

पण मला आज तुमच्याशी बोलायचंय ते तिबिलिसीतल्या त्या दिवसाबद्दल.

यांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुमचा विनू, माझा नवरा. पोटातल्या गाठीनं दीड वर्ष छळून नेलं त्यांना, आणि त्या दीड वर्षात त्यांच्या उशापासून मी हलले नाही, हे तुम्ही पाहिलंय. मुग्धा तोवर जॉर्जियात नोकरीला लागली होती. आपल्याकडची पोरं तिथं डॉक्टरकी शिकायला जातात, त्यांच्या राहण्या-खाण्याचं, कागदपत्रांचं बघायचं, अशी कॉलेजातली नोकरी. तिनं आपल्या दोघींची तिकिटं काढली. मला म्हणाली, आई, घर से निकलो थोडा. तुम्हाला काय म्हणाली ते मला कधी कळलं नाही. बुढ्ढापाऱ्यातल्या दुकानातून आपण दोघींनी गरम मोजे घेतले, आणि विमानात तुम्ही खिडकीची जागा मला दिलीत. तेव्हाही मला वाटलं, काहून दिली असेल.

तिचं घर नदीपलीकडे जुन्या इमारतीत होतं. लिफ्टमध्ये नाणं टाकल्याशिवाय ती हलायची नाही. पहिले काही दिवस तिनं आपल्याला फिरवलं, मग एका सकाळी म्हणाली, आज नवीन मुलांची तुकडी येणार आहे, मला दिवसभर सुट्टी नाही. तिनं चहा घेतला नाही. पोहे केले होते मी, त्यांना हात लावला नाही. उशीर होतोय म्हणाली. मग दारात तिनं मला मिठी मारली आणि नंतर तुम्हाला, आणि तुम्हाला जास्त वेळ. मी हातातला झारा घेऊन ते बघत उभी होते. ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, "चाल, आज चर्च पाहू आपण. इथचे लय जुने आहेत म्हणते."

ताई, तुम्ही. ज्यांना महामायेच्या देवळात न्यायचं तर गुडघे दुखायचे. नवरात्रात सगळी गल्ली जायची आणि तुम्ही पेपर वाचत बसायचात. भावाच्या दशक्रियेला गुरुजी सांगतील तेवढंच हात जोडलेत. त्या बाईला अचानक परदेशातली चर्चं पाहायची होती. मी तेव्हाच म्हटलं मनात, काहीतरी शिजतंय.

पहिलं चर्च गावातलं सगळ्यात जुनं. बाहेरून पाहिलं तर दगड-विटांचं साधंसं, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या गोदामाएवढं. दाराशी टोपलीत ओढण्या ठेवल्या होत्या, डोकं उघडं असलेल्या बायांसाठी. आपल्या दोघींच्या ओढण्या होत्याच. आत गेलो तर बाकं नाहीत, खुर्च्या नाहीत, लोक उभेच. अंधार, गारवा, मेणाचा नव्हे, मधाचा वास. भिंतीवरचे संत काजळी धरून काळे झालेले, त्यांचे फक्त डोळे दिसत होते. खरं सांगू, मला ते आवडलं. असं वाटलं, इथं कुणी आपल्याकडून काही मागत नाहीये.

मेणबत्त्या विकणारी म्हातारी होती एक. तिनं हातवारे करून तुम्हाला समजावलं की मेलेल्यांसाठी वाळूच्या त्या खालच्या तबकात लावायची आणि जिवंतांसाठी इकडे, तसबिरीसमोर. तुम्ही विनूसाठी एक खाली लावलीत. मीही लावली. मग तुम्ही वर एक लावलीत, आणि ती नीट उभी राहीना तर पुन्हा पुन्हा सरळ करत बसलात. मी विचारलं कोणासाठी. तुम्ही म्हणालात, आपल्या सगळ्यायसाठी. सगळ्यांसाठी एकच? मी विचारलं नाही, पण बघितलं. तुमचा फोन दुसऱ्या हातात होता. तुम्ही, ज्या फोन कुठे ठेवलाय ते घरभर शोधत फिरायचात, त्या दिवशी एक क्षण तो खाली ठेवायला तयार नव्हतात.

तिथून बाहेर पडलो तर दहा पावलांवर तळघरात पावाची भट्टी. विहिरीसारखी, आणि भट्टीवाला आत कमरेपर्यंत वाकून लांबट पाव तिच्या भिंतीला चिकटवत होता. पावाला तिथं पुरी म्हणतात हे कळल्यावर आपण दोघी इतक्या हसलो की तो बाहेर येऊन बघायला लागला. तुम्ही त्याचं नाव विचारलंत, खुणा करून त्याच्याशी गप्पा मारल्यात. त्याच्या ओट्यावर बसून आपण ती गरम पुरी नुसती तोडून तोडून खाल्ली. ऊन कोवळं होतं. रस्त्यावरून लोक सावकाश जात होते. हे गेल्यापासून मी अशी काही न करता कुठे बसलेच नव्हते. त्या अर्ध्या तासासाठी मी तुमची ऋणी आहे. हे मी तेव्हा बोलले नाही, कारण अर्धा तास झाल्यावर मी म्हटलं, चला आता घरी, मुग्धासाठी वरण-भात लावते, तर तुम्ही एकदम म्हणालात, "नाही. आणखी एक पाहू." तो 'नाही' फार पटकन आला होता.

दुसरं चर्च मोठं. तिथं द्राक्षाच्या वेलीचा एक क्रूस आहे म्हणतात, कुण्या संत बाईनं स्वतःच्या केसांनी बांधलेला. तो चांदीनं मढवून ठेवलाय. आपण त्याच्यासमोर उभ्या होतो तेव्हा कोपऱ्यातून तीन-चार माणसं गायला लागली. पेटी नाही, काही नाही, नुसते गळे. एकाचा आवाज जमिनीतून आल्यासारखा आणि दुसऱ्याचा त्याच्यावर धरलेला. मी तुमच्याकडे वळले तर तुमच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ताई, सख्खा भाऊ गेला तेव्हा तुम्ही रडला नव्हतात. आलेल्यांना पाणी देत फिरत होतात. त्या दिवशी लोक माझ्या कानात म्हणाले होते, बाई कठीण आहे. आणि त्या परक्या देवळात, ज्यातला एक शब्द आपल्याला कळत नव्हता, तुम्ही उभ्या-उभ्या रडत होतात. मला तुमच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण तेवढ्यात फोन थरथरला आणि तुम्ही जवळजवळ पळत बाहेर गेलात. गुडघे दुखणारी बाई पळत गेली.

परत आलात तर चेहरा दुसराच होता. धुतल्यासारखा. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "भूक लागली वं. चाल, काही खाऊ." राजमा भरलेली ती पोळी तुम्ही दोन वेळा मागवलीत. मी विचारलं कोणाचा फोन होता. मुग्धीचा, म्हणालात, जेवल्या का विचारत होती. मग मला का नाही केला? तुम्ही म्हणालात, तुझा लागत नव्हता. मी माझा फोन काढून टेबलावर ठेवला. नेटवर्कच्या सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या. तुम्ही तिकडे न पाहता पोळी खात राहिलात.

तिसरं चर्च नदीच्या काठावर कड्यावर आहे, पूल ओलांडून वर चढून जावं लागतं. माझे पाय बोलायला लागले होते. मी म्हटलं, आता घरी. तुम्ही म्हणालात, एवढं शेवटचं. वर पोचलो तर तिथं लग्न. नवरी पांढऱ्या झग्यात, नवरा काळ्या कोटात, फोटोवाला त्यांना कठड्यापाशी उभं करून इकडे वळा, तिकडे वळा करत होता. तुम्ही कौतुकानं बघत म्हणालात, "काय सुंदर दिसून राहिली पोरगी."

आणि माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. न घेतलेला चहा, ती मिठी, तुमच्याच फोनवर आलेला तो फोन, देव न मानणाऱ्या बाईनं मला चर्चमागून चर्च दाखवणं. मी म्हटलं, "ताई, मुग्धानं इथं पोरगा पाहिलाय का?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आज कळतंय की तुम्ही तेव्हा काय मोजत होतात. तेव्हा मला फक्त चोरी सापडल्याचा आनंद झाला होता.

"मले सवय व्हावी म्हणून चर्च दाखवून राहिल्या ना?" मी विचारलं. "आईले आधी सांगायचं की आत्याले? मी काय मेली होती का?"

"हव," तुम्ही म्हणालात. "आहे एक जण."

नाव विचारलं. तुम्ही म्हणालात, दावित. काय करतो? शिकवतो. कुठे? तिच्याच कॉलेजात. घरी कोण? आई आहे, म्हणालात, तुझ्यासारखीच आहे तापट. मी रडले, ओरडलेही थोडी, त्या नवरीनं वळून पाहिलं. तुम्ही म्हणालात, आज घरी गेल्यावर पोरीले काही विचारू नको, तिचं तीच सांगेल, थकून आली असेल. आणि मला कठड्यावर बसवून तुम्ही खालची नदी दाखवत राहिलात, दिवे लागेपर्यंत.

घरी आलो तर मुग्धा पांघरुणात. ताप आहे म्हणाली. डावा हात ती अंगाशी धरून होती. ऑफिसात पाय घसरून खांद्याला लागलं, म्हणाली. मला वाटलं तोंड चुकवतेय. रागारागात मी मऊ भात केला, तूप घालून भरवला. ती जेवली, आणि माझ्याकडे न बघता तुमच्याकडे बघत होती.

पुढचं तर तुम्हाला तोंडपाठ. आपलं परतीचं तिकीट तुम्ही आठवडाभर पुढे ढकललंत. मला वाटलं, पोराच्या आईशी बोलणी चालली असतील. मग एका दुपारी मुग्धा ऑफिसातून लवकर आली, तुम्ही दोघी स्वयंपाकघरात गळ्यात गळे घालून उभ्या राहिलात, आणि तुम्ही खाली जाऊन भला मोठा केक घेऊन आलात. मी समजले, ठरलं. तो केक मी खाल्ला नाही. आज त्याचं वाईट वाटतंय, दिसायला चांगला होता.

रायपूरला परत आल्यावर आपलं कितीतरी महिने धड बोलणं नव्हतं. तुम्ही सकाळी मंत्रालयाच्या बसनं नव्या रायपूरला जायचात, संध्याकाळी यायचात, आणि मटार सोलताना, भाजी निवडताना आपलं एकच भांडण फिरून फिरून यायचं. मी म्हणायची, पोरीची गोष्ट पहिल्यांदा आईला कळली पाहिजे. तुम्ही म्हणायचात, कोणाले सांगायचं ते पोरगीच ठरवेल. मी म्हणायची, तुम्हाला पोर नाही म्हणून असं बोलता. हे मी बोलले आहे. तुम्ही उठून वर गेलात.

आणि दावितची मला हळूहळू सवय होत गेली. फोनवर विचारायची, काय म्हणतो तो. मुग्धा सांगायची, त्याला सर्दी झालीय, तो आईकडे गावी गेलाय, त्याला तिखट चालत नाही. फोटो मागितला की दर वेळी काहीतरी निघायचं. तेव्हा मला संशय आला की याचं आधी लग्न झालेलं असणार. तुम्हाला विचारलं तर तुम्ही शपथेवर सांगितलंत की त्याचं लग्न झालेलं नाही. त्याबाबतीत तुम्ही खरं बोललात, हे मान्य करते. एकदा मी कोशाच्या रेशमाचं एक छान उपरणं आणलं त्याच्यासाठी. कोणाला न सांगता कपाटात ठेवलं. तिखट न खाणाऱ्या माणसाला काय करून घालायचं याचाही विचार करून ठेवला होता. मग एक दिवस मुग्धा म्हणाली, आई, हमारा नहीं जमा. मला वाटलं होतं मला सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. तुम्ही ते ऐकून वर गेलात आणि जेवायला खाली आला नाहीत. मला वाटलं, तुम्हालाही लागलं असेल मनाला. आता मला संशय येतो, तुम्ही वर हसत होतात.

कारण परवा मुग्धानं सांगितलं. आम्ही दोघी तेराव्याचं सामान काढत होतो. कपाटातून ते उपरणं निघालं. तिनं विचारलं, हे कोणाचं? मी म्हटलं, दावितसाठी घेतलं होतं. ती खाली बसली. मला आधी वाटलं, अजून विसरली नाही बिचारी. आणि मग ती मराठीत सुरू झाली आणि हिंदीत गेली, तिला जड बोलायचं असलं की ती जाते तशी.

"आई, दावित कोई था ही नहीं."

तिच्या डाव्या छातीत गाठ लागली होती. आपल्याला बोलावण्याच्या आधीच. त्या दिवशी तिनं चहा घेतला नाही, कारण तिला भूल देणार होते. तिच्या ऑफिसातली मैत्रीण तिला घेऊन गेली. गाठ काढली, तपासायला पाठवली, संध्याकाळी घरी सोडलं. तुम्हाला आलेला तो फोन त्या मैत्रिणीचा होता, सगळं नीट झालं, मुग्धा शुद्धीवर आली असं सांगायला. आणि तुमच्यावर काम एकच होतं, मला दिवसभर घराबाहेर ठेवायचं. देऊळ नव्हतं तिथं, म्हणून चर्च. आठवडाभरानं रिपोर्ट आला, गाठ साधी निघाली, तो केकचा दिवस. आणि दावित हे त्या भट्टीवाल्याचं नाव. संध्याकाळी मला अंघोळीला पाठवून तुम्ही तिच्या कानात म्हणालात म्हणे, तुझ्या आईले मी एक जावई दिला आहे, आता सांभाळ.

मी मुग्धाला म्हटलं, दाखव. तिनं दाखवलं. बोटाच्या पेराएवढी रेघ आहे, फिकट. मी विचारलं दुखतं का. थंडीत कधी कधी, म्हणाली. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "बाबांचं तू नुकतंच सगळं केलं होतंस. फिर से वही गाठ शब्द, तेरे मुँह पे मैं देख नहीं पाती. आत्या बोली, मैं संभाल लूँगी।"

तर ताई, आता ऐका. माझं चुकलं असं म्हणायला मी बसलेली नाही. तुम्ही दोघी माझ्यापासून काहीतरी लपवत होतात हे मी पहिल्या तासाला ओळखलं होतं. संशय खरा होता, फक्त त्याचा पत्ता चुकला. आणि तो तुम्ही चुकवलात, मुद्दाम, त्या कड्यावर, माझ्या डोळ्यांत बघून. ज्या बाईनं तुमच्या भावाच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं, ती पोरीच्या एका गाठीनं मोडून पडेल असं तुम्हाला कशावरून वाटलं? मी त्या इस्पितळाच्या बाकावर बसले असते. मी रडले असते, हो, आणि रडून झाल्यावर मऊ भात केला असता. तो मी तसाही केलाच. माझ्या लेकीच्या जखमेचा एक दिवस तुम्ही माझ्याकडून घेतलात. तो मला हवा होता.

आणि त्याच दिवसाबद्दल मला हेही कळतंय की तुम्ही तो एकटीनं काढलात. भाऊ गाठीनं गेलेला, भाची भूल देऊन टेबलावर, आणि शेजारी मी, दर चर्चमध्ये विचारणारी, घरी कधी जायचं. शेवटी मी तुम्हाला नको ते बोलले आणि ते तुम्ही वर्षानुवर्षं ऐकून घेतलंत. एक शब्द टाकला असतात तर मी गप्प झाले असते. नाही टाकलात. याचे आभार कसे मानायचे ते मला सुचत नाही, कारण रागही तेवढाच आहे, आणि दोन्ही एकाच घशातून येतात.

काल संध्याकाळी मुग्धानं मला विचारलं, आत्याला माहीत होतं का. तुमच्या दुखण्याबद्दल. ती पोचली तेव्हा तुम्ही कोणाला ओळखत नव्हतात, आणि ते तिला सलतंय. मला आधी का नाही बोलावलं, मी चार दिवस आधी आले असते तर आत्या माझ्याशी बोलली असती, असं ती म्हणत होती.

समता कॉलनीतल्या त्या दवाखान्यातून आपण रिक्षानं परत येत होतो ती दुपार मला आठवली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, गाठ आहे, पसरली आहे, आणि मी तुमच्यासाठी चेहरा नीट करून आले होते. छातीत पाणी झालंय, काढलं की बरं वाटेल, असं काहीतरी मी बोलायला लागले. तुम्ही माझं मनगट धरलंत. म्हणालात, "रेखा, मले समजलं आहे. मी त्यायले आधीच विचारलं होतं. तुले सांगून ठेवते, दुसऱ्या कोणाले नाही. मुग्धीले आत्ता सांगू नको. ती धावत येईन, अन् मले पाहून तिले तिचंच आठवेन."

'तिचंच' म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं. मला वाटलं, तिच्या बाबांचं म्हणत असाल. पण मी वचन दिलं, आणि पाळलं. तिला फोन केला तो तुम्ही बोलेनाशा झाल्यावरच.

काल ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी म्हटलं, "नाही बेटा. तिला काही माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. एकदम झालं."

मी हे हळू आवाजात बोलले. मग तिनं विचारलं, "पक्का?"

"असंच झालं," मी म्हटलं, आणि भाजी निवडायला लागले.

तिला पटलेलं नाही, ताई. वर जाताना ती जिन्यात थांबून दोनदा माझ्याकडे वळून बघत होती.